इंजिन खोलण्याआधी

आज निर्णय घ्यायचा नाही. एवढं आधी ठरवू आणि मग बसू.

आषाढ लागला आहे. 1 जूनपासून यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद आहे, ती 31 जुलैपर्यंत. मालवणच्या किनाऱ्यावर दांडी, देवबाग, तोंडवळी, आचरा, सगळीकडे होड्या वर ओढून झापांनी शाकारल्या आहेत. वर्षभर ज्यांना उसंत नव्हती ती इंजिनं आता खळ्याखळ्यांत उघडी पडली आहेत. कुणाचं आउटबोर्ड लाकडी घोडीवर टांगलेलं, कुणाचा डिझेल पंप सुटा करून जुन्या लुंगीवर मांडलेला. हा किनारा आपली दुरुस्ती याच दोन महिन्यांत करतो. म्हणून हा प्रश्न घेऊन बसायलाही हेच दिवस बरे.

तुमच्या खळ्यात माटवाखाली गाडी उभी आहे. जुनी मॅटाडोर. मागे झोपायची फळी, कोपऱ्यात शेगडी, पाण्याचा पिंप, खिडकीला घरच्याच जुन्या साडीचा पडदा. तिच्यातून तुम्ही आंबोलीचं धुकं पाहिलं, तिलारीच्या खोऱ्यात मुक्काम केला, पोरांना घेऊन पार गोव्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन आलात. यंदाच्या उन्हाळ्यात घाट चढताना ती तापली, धूर सोडू लागली, आणि तेव्हापासून घरात एकच विषय आहे. हे इंजिन दुरुस्त करायचं, की काढून दुसरं बसवायचं? आमच्याकडेही अशीच गाडी आहे आणि असाच विषय आहे. म्हणून हे तुमच्यासोबत बसून करतो आहोत असं समजा.

एक स्टूल घ्या, ड्रायव्हरच्या दाराशी ठेवा. पाठ सरळ, हात मांडीवर. माटवावरून पाणी ओघळतं आहे, ते ऐका. प्रश्न मनात येईल, कारण तो रोज येतो. त्याला उत्तर देऊ नका. शेजारी बसू द्या.

आपल्याकडे आधी श्रवण आणि मग मनन असा क्रम सांगितला आहे. वेदान्त शिकणाऱ्यासाठी सांगितलेला हा क्रम इंजिनालाही लागू पडतो, असं मला मनापासून वाटतं. जे नीट ऐकलंच नाही त्याचं मनन कसं करणार? घाटात गाडी बंद पडली की लोक त्या रात्रीच ठरवून टाकतात, ‘गेलं इंजिन.’ तेव्हा इंजिनही तापलेलं असतं आणि माणूसही. आमच्या मेस्त्रींकडे कुणी असं ठरवूनच गाडी आणली, की ते हातातलं काम न सोडता म्हणतात, ‘आधी आयका, मगे बोला.’

तर पहिल्या सकाळी फक्त ऐका.

इंजिन रात्रभर थंड झालेलं हवं. मॅटाडोरचं इंजिन केबिनमध्येच असतं, ड्रायव्हरच्या शेजारी, एका झाकणाखाली. प्रवासात त्याची ऊब आणि धडधड मांडीला लागते, त्यामुळे या गाडीचा मालक आपल्या इंजिनाला जितका ओळखतो तितका दुसऱ्या गाडीचा ओळखत नसेल. झाकण काढून ठेवा. हीटर प्लग लावा आणि थांबा. हे थांबणं त्या इंजिनाच्या घडणीतच आहे. त्यात डिझेल आधी एका लहान कोठडीत पेट घेतं आणि तिथून मुख्य सिलिंडरमध्ये झेपावतं. थंड इंजिनात ती कोठडी आधी तापावी लागते.

आता चावी फिरवा. लगेच धरतं का, की स्टार्टर बराच वेळ कण्हत राहतो? धरल्यावर चारही सिलिंडर एकत्र बोलतात, की एक मागाहून येऊन मिळतो? घाई नको. इंजिन गरम होईपर्यंत तिथेच बसा आणि आवाज कसा बदलत जातो ते ऐका. थंडपणी असलेली टकटक गरम झाल्यावर गेली, की गरम झाल्यावरच उगवली? गरम झाल्यावर खालून येणारी खोल, जड ठोक बेअरिंगची असू शकते. वरची हलकी टिकटिक बहुधा व्हॉल्व्हची, आणि व्हॉल्व्हची फट बसवणं हे एका सकाळचं काम आहे. एकच शब्द ‘आवाज’, पण एकाचा खर्च फार थोडा आणि दुसऱ्यासाठी सगळं इंजिन खाली उतरवावं लागतं.

मग मागे जा आणि धूर पाहा. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. चोंदलेला एअर फिल्टर, गळकं नोझल, बिघडलेला पंप. काळ्या धुराला घाबरून चांगलं इंजिन काढून टाकलेली माणसं मला माहीत आहेत. निळा धूर म्हणजे ऑइल जळतं आहे. पण इथेही थांबा. रात्रभर उभ्या गाडीने सकाळी निळा धूर सोडला आणि मग ती स्वच्छ झाली, तर दोष बहुधा व्हॉल्व्हच्या सीलचा. चढावर, ओझ्याखाली निळा धूर येत राहिला आणि ऑइलचं झाकण उघडल्यावर आतून वाफेसारखे भपकारे आले, तर मेस्त्री ज्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात ते हेच. रिंगा आणि लायनर झिजले आहेत. गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नाही आणि रेडिएटरचं पाणी रोज कमी होतं, तर हेड गॅस्केटकडे संशय जातो.

आणि घाटात गाडी तापली, त्याचं काय? इथे आपल्या किनाऱ्याची एक गोष्ट ध्यानात घ्या. समुद्रालगतच्या विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं. तेच पाणी आपण वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये ओतत आलो. पितळी नळ्यांत आणि इंजिनाच्या पाणवाटांत क्षार साचतात, वाट अरुंद होते. सपाटीवर चालून जातं, पण फोंडाघाटात दाजीपूरकडे चढताना दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन तासभर राबलं, की ती अरुंद वाट पुरत नाही. मग काटा लाल रेषेत जातो. अशा वेळी निकामी झालेलं असतं ते रेडिएटर. इंजिन बिचारं फक्त तापलेलं असतं. पण ते वारंवार तापलं तर हेड वाकतं, आणि मग दोष खरोखर इंजिनाचा होतो.

हे सगळं एका सकाळी कळणार नाही. पुन्हा बसा, पुन्हा ऐका. आणि कानांवर भागत नाही तिथे माप घ्या. कॉम्प्रेशन टेस्ट करा. मर्सिडीजच्या परवान्याने पुण्यात बनलेलं 2.4 लिटरचं ओएम 616 तुमच्या गाडीत असेल, तर नव्या, निरोगी इंजिनात दर सिलिंडरला साधारण 22 ते 24 बार दाब मिळतो. 15 बारच्या खाली गेला तर झीज झालेली आहे. चारही सिलिंडर सारखेच उतरलेले असतील तर ते इंजिन नेमाने म्हातारं झालं आहे. तीन चांगले आणि एकच पडलेला असेल, तर तिथे काही विशिष्ट घडलं आहे आणि ते शोधता येतं. हा फरक मनात ठेवा. घरातल्या कितीतरी वादांना तो पुरेसा आहे.

आता इंजिन बंद करा. शांतता येऊ द्या.

ही वस्तू आली कुठून, याचा थोडा विचार करू. नगरच्या नवलमल फिरोदियांनी जर्मनीतल्या टेम्पो कंपनीच्या सहकार्याने 1958 मध्ये बजाज टेम्पो काढली. आधी तीनचाकी आली, आणि तिने ‘टेम्पो’ हा शब्द आपल्या भाषेत कायमचा बसवला. मग 1969 पासून मॅटाडोर. सुरुवातीला तिच्यात पर्किन्सचं लहान डिझेल इंजिन होतं, नंतर हे मर्सिडीजचं आलं. शाळेची गाडी, दुधाची गाडी, रुग्णवाहिका, लग्नाचं वऱ्हाड, भजनी मंडळ, सगळं तिने वाहिलं. 2000 च्या सुमारास तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे आज जी मॅटाडोर तुमच्या खळ्यात आहे ती पंचवीस वर्षांच्या पलीकडची आहे. पण तिचं इंजिन तिच्याबरोबर संपलं नाही. तेच ट्रॅक्समध्ये होतं, तेच ट्रॅव्हलरमध्ये होतं, आणि त्या गाड्या कोकणातल्या रस्त्यांवर इतक्या धावल्या की रिंगा, बेअरिंग, गॅस्केट, व्हॉल्व्ह मिळत नाहीत असं अजून झालेलं नाही. ‘आता पार्ट मिळणार नाहीत’ हे वाक्य कुणी म्हणालं, तर कुठला पार्ट ते नाव घेऊन विचारा. काचा, दाराची कुलपं, दिव्यांच्या कडा यांच्यासाठी खरंच वणवण करावी लागते. इंजिनासाठी तितकी नाही.

याच इंजिनाची आणखी एक हकीकत सांगण्यासारखी आहे. ते मूळचं मर्सिडीजच्या 240 डी या मोटारीतलं. ग्रीसमधल्या थेस्सालोनिकी शहरातल्या एका टॅक्सीवाल्याची 1976 सालची 240 डी तब्बल 46 लाख किलोमीटर चालली आणि 2004 मध्ये कंपनीने ती आपल्या संग्रहालयासाठी घेतली. एवढं अंतर एका इंजिनाने कापलेलं नाही. त्याने इंजिनं अनेकदा काढली आणि बसवली. दुरुस्त की बदली, असा आपण जो पेच घालून बसलो आहोत तो त्या माणसाला पडलेला दिसत नाही. गाडी चालू राहिली पाहिजे, एवढंच त्याने धरून ठेवलं असावं.

मग ‘गाडी’ म्हणजे काय धरून ठेवायचं?

इथे डोळे मिटून थोडं थांबा. मिलिंद राजाची गोष्ट आठवा. इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकातला हा ग्रीक वंशाचा राजा. बाबासाहेब आंबेडकरांनी 1950 मध्ये औरंगाबादेत काढलेल्या महाविद्यालयाला त्याचंच नाव आहे. नागसेन भिक्षू त्याला विचारतो, तू रथातून आलास ना, मग रथ दाखव. दांडी हा रथ का? आस हा रथ का? चाकं? जू? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. सगळे भाग सुटे करून ढीग घातला तर तो रथ का? तोही नाही. आणि या सगळ्यांच्या बाहेर वेगळा असा रथही कुठे नाही. भाग एकत्र येऊन काम करतात तोवर आपण त्याला रथ म्हणतो.

तुमच्या गाडीचंही असंच करून पाहा. सावकाश. टायर किती वेळा बदलले? बॅटरी? सीट? टपाचा पत्रा? पडदे तर दर दोन-तीन वर्षांनी. एकेक भाग मनातल्या मनात काढून बाजूला ठेवा आणि दर वेळी स्वतःला विचारा, आता ही आपलीच गाडी आहे ना? इंजिन काढलं. अजून तीच आहे का? मन कुठे अडतं ते पाहा. माझं मन इंजिनावर अडलं, हे मला आधी वाटलंही नव्हतं. सासऱ्यांनी त्याच इंजिनाचा आवाज ऐकून अंधारात आम्हाला दार उघडलेलं आहे. तुमचं कदाचित झोपायच्या फळीवर अडेल. ज्याच्यावर अडेल त्याला नाव द्या. त्या अडण्याची लाज वाटायचं कारण नाही. फक्त ते अडणं हिशेबाच्या वहीत न लिहिता वेगळ्या कागदावर लिहा.

सरकारने मात्र नागसेनाच्या प्रश्नाला रोखठोक उत्तर दिलं आहे. आरसी बुकावर दोन नंबर असतात, चासी नंबर आणि इंजिन नंबर. इंजिन बदलता येतं, तशी नोंद करता येते. चासी गेली की ती गाडी गेली.

आणि आमचे मेस्त्री नेमकं हेच सांगतात, त्यांच्या भाषेत. त्यांना इंजिनाबद्दल विचारलं तर ते आधी गाडीखाली शिरतात. ‘इंजान खंयचाय गावात. चासी खंयसून हाडतलास?’

म्हणून आता उठा. पोतं अंथरा, विजेरी घ्या, लहान हातोडी आणि जाड स्क्रू-ड्रायव्हर घ्या, आणि गाडीखाली उताणे पडा. मननाचा हा भाग पाठीवर पडूनच करायचा आहे.

वर पाहा. किनाऱ्यावरची गाडी खालून मरते. समुद्राचा खार वाऱ्याबरोबर येतो, पत्र्यावर, जोडांवर, पोकळ पट्ट्यांच्या आत बसतो. पावसात तो ओला राहतो आणि लोखंड खात राहतो. चिवल्याच्या वाळूवर लाटांजवळ लावलेली गाडी, पहाटेचा तो सुंदर उजेड, गरम चहा, हे सगळं तुम्हाला आठवत असेल. त्या प्रत्येक मुक्कामानंतर गाडीचं पोट गोड्या पाण्याने धुतलं होतं का, तेही आठवा. हातोडीने चासीच्या दोन्ही लांब कैच्यांवर हळूहळू ठोकत जा. धड लोखंड खणखणतं. खाल्लेलं लोखंड बद्द वाजतं. जिथे बद्द वाजलं तिथे स्क्रू-ड्रायव्हर टोचा. पापुद्रा निघाला आणि खाली धातू लागला तर घासून, रंगवून, पट्टी मारून निभेल. टोक आरपार गेलं, तर थांबा. तिथे हात ठेवा. स्प्रिंगांचे कान जिथे चासीला धरतात, स्टिअरिंगचा डबा जिथे बसतो, इंजिनाचे माउंटिंग जिथे येतात, तिथे जर आरपार भोक पडलं असेल, तर इंजिनाचा प्रश्न आत्ता बंद करा. तुमचं कुटुंब त्या चासीवर बसून करूळचा घाट उतरतं. अशा चासीत नवं इंजिन घालणं मला अन्यायाचं वाटतं, पैशांवरही आणि माणसांवरही. ती गाडी कृतज्ञतेने मोडीत द्या, आणि इंजिन धड असेल तर ते दुसऱ्या कुणाच्या तरी ट्रॅक्सला द्या.

माझ्या मते या साऱ्या विचारातली खरी कसोटी इथे, चिखलात पडून होते. बाकीचं त्यानंतर.

चासी खणखणली असेल तर बाहेर या, हात धुवा. चहा घ्या.

आता इंजिन खोलण्याचा विचार करू. मेस्त्री दोन गोष्टी म्हणतात, हाफ इंजिन आणि फुल इंजिन. हाफमध्ये हेड उतरतं, व्हॉल्व्ह घासले जातात, पिस्टन बाहेर येऊन रिंगा आणि बिगएंडची बेअरिंग बदलतात. क्रँक जागेवर राहतो. फुलमध्ये सगळं बाहेर. ब्लॉकला बोअरिंग किंवा नवे लायनर, क्रँकला ग्राइंडिंग. क्रँक किती घासलेला आहे हे तेव्हाच नक्की कळतं. दर वेळी पाव मिलिमीटर कमी करत जातात, आणि शेवटच्या मापाच्या पुढे घासायला जागा उरत नाही. आधी कुणी किती घासला होता याची चिठ्ठी जपली असेल तर ती आज सोन्याची आहे.

हे काम कुठे होणार? हेड उतरवणं आणि बसवणं मालवण-कुडाळात होतं. ब्लॉक आणि क्रँक मात्र बरेच जण कोल्हापूरला नेतात. शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनं घडवणाऱ्यांच्या पिढ्या गेल्या आहेत. भट्टी, लेथ, बोअरिंग मशीन, ग्राइंडिंग मशीन, सगळं एकाच वस्तीत. घाटावरच्या उसाला पाणी देणारे पंप ज्यांनी चालते ठेवले, त्यांना चार सिलिंडरचं डिझेल इंजिन परकं नाही. आपला ब्लॉक टेम्पोत घालून घाट चढायचा, माप घेताना शेजारी उभं राहायचं, आणि जे माप निघेल ते वहीत आपल्या हाताने लिहायचं. हा खर्चाचा भाग आहे तसा शिकण्याचाही आहे. दुकानातून घेतलेल्या इंजिनाबद्दल इतकं कधी कळत नाही.

बदलायचं म्हटलं तर दोन वाटा आहेत. पहिली, मोडीत निघालेल्या ट्रॅक्सचं तेच, त्याच जातीचं इंजिन. ते जुन्या जागी बसतं, जुना गिअरबॉक्स त्याला ओळखतो. पण ते आतून कसं आहे? विकणारा चालू करून दाखवेल, धूर दिसणार नाही, कारण गरम इंजिनात जाड ऑइल घातलं की दोन दिवस काहीच दिसत नाही. तिथेही कॉम्प्रेशन टेस्टशिवाय पैसे देऊ नका. नाहीतर आपलं ओळखीचं दुखणं देऊन अनोळखी दुखणं घरी आणाल.

दुसरी वाट, वेगळ्याच कंपनीचं, जास्त ताकदीचं, टर्बो इंजिन. या वाटेची ओढ मला समजते. 65-70 हॉर्सपॉवरवर भरलेलं घर ओढत आंबोली चढताना मागे ट्रकांची रांग लागते, ती लाज प्रत्येक मॅटाडोरवाल्याला माहीत आहे. आणि जुन्या गाडीत वेगळ्या जातीचं इंजिन कधी बसतच नाही असंही नाही. ब्राझीलमध्ये फोक्सवॅगनच्या कोंबी व्हॅनचं हवेने थंड होणारं इंजिन 2005 च्या अखेरीस काढून कंपनीने पाण्याने थंड होणारं बसवलं, तिच्या नाकावर रेडिएटरची जाळी आली, आणि ती पुढे 2013 पर्यंत बनत राहिली. पण ते एका कारखान्याने, आपल्या अभियंत्यांकडून तपासून केलं होतं. आपल्या खळ्यात तेच करायचं तर माउंटिंग नवे, रेडिएटर मोठा, सायलेन्सर वेगळा, गिअरबॉक्सचा मेळ घालायचा, आणि वाढलेल्या वेगाला ब्रेक पुरतील का हा प्रश्न सगळ्यात शेवटी आठवतो. तो सगळ्यात आधी विचारायचा. शिवाय परिवहन कार्यालयाची मंजुरी हवी. गाडीच्या मूळ नोंदीत फरक करणारा बदल मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाखाली येतो.

आता पुन्हा त्या स्टुलावर बसा. थोडा जड प्रश्न आहे.

तुम्हाला कुठे जायचं आहे?

मनातले पुढचे प्रवास एकेक करून समोर आणा. खरे प्रवास, लोकांना सांगायचे नव्हेत. हिमालय, लडाख असं काहीतरी येईल, त्याला येऊ द्या आणि जाऊ द्या. मग जे उरतं ते पाहा. दिवाळीनंतर कुणकेश्वर, मार्गशीर्षात माहेरी कोल्हापूर, उन्हाळ्यात वेंगुर्ल्याहून पुढे गोवा. दिवसाला शंभर-दीडशे किलोमीटर, थांबत, विहिरीवर पाणी भरत. असं फिरणं असेल, तर जुन्या इंजिनाचा वेग तुमच्या आयुष्याच्या वेगाशी जुळतो आहे. आणि खरोखर लांब, वेळेत, राष्ट्रीय महामार्गाने जायचं असेल, चार-चारशे किलोमीटरच्या मजला मारायच्या असतील, तर जुन्या इंजिनाकडून ती अपेक्षा करणं त्याच्यावर आणि रस्त्यावरच्या इतरांवर लादणं आहे. मग गाडीच दुसरी घ्या. कुठे जायचं, याचं उत्तर मेस्त्री देऊ शकत नाहीत.

पैशाकडे पाहताना एक करा. आजवर या गाडीत जे घातलं ते सगळं एका बाजूला ठेवून द्या. ते गेलं, आणि त्याच्या बदल्यात जे मिळायचं ते तुम्ही फिरून घेतलंत. ‘एवढा खर्च केलाय, आता सोडायची कशी?’ हा विचार येईल. त्याला ओळखा आणि सोडा. पुढच्या पाच वर्षांत काय लागेल तेवढंच मोजा. त्यात नोंदणीचं नूतनीकरण धरा. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनी संपते आणि मग दर 5 वर्षांनी फिटनेस करून वाढवावी लागते. हलक्या मोटारीचं नूतनीकरण पूर्वी 600 रुपयांत व्हायचं, ते एप्रिल 2022 पासून 5000 झालं, आणि 20 वर्षांच्या पुढच्या गाडीसाठी 2025 मध्ये 10,000. वर पर्यावरण कर. धोरणाचा रोख स्पष्ट आहे, जुन्या गाड्या कमी व्हाव्यात. तो रोख तुम्हाला आवडो न आवडो, हिशेबात तो आलाच पाहिजे.

आणि धूर. हा विचार टाळू नका. तुमचं इंजिन घडलं तेव्हा प्रदूषणाचे आजचे निकष नव्हते. देवबागचा रस्ता तुम्हाला माहीत आहे. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये तेवढीच पट्टी, आणि त्या पट्टीवरून सकाळी पोरं शाळेला चालत जातात. त्यांच्या तोंडावर काळा लोट सोडत मी माझं निसर्गप्रेम मिरवणार असेन, तर ते मला मान्य नाही. नोझल तपासून, पंप कॅलिब्रेट करून, टायमिंग नीट लावून जुनं इंजिनही बरंच स्वच्छ चालतं. नव्याइतकं नाही. पण वर्षाला काही थोडे हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीसाठी, आहे तो ओतीव ब्लॉक ठेवून ते स्वच्छ चालवणं मला योग्य वाटतं. चालवायचं असेल तर स्वच्छच चालवायचं, ही अट मात्र स्वतःला घाला. पीयूसी कागदापुरती नको.

शेवटी एका माणसाचा विचार करा. तुमच्या मेस्त्रींचा.

हे इंजिन संगणक लावून बोलत नाही. त्याचं दुखणं कानाने, बोटाने, सायलेन्सरच्या तोंडाशी धरलेल्या हाताने ओळखावं लागतं. ज्यांना ते येतं ती माणसं आता साठीच्या आसपास आहेत, आणि गॅरेजमध्ये त्यांच्या हाताखाली पूर्वीसारखी पोरं येत नाहीत. दुरुस्ती करायची ठरवलीत तर तुम्ही त्या माणसाच्या पुढच्या काही वर्षांवर विसंबून आहात. तो माणूस लाभला आहे तोवर त्याचा मान राखा. अर्ध्या कामात फोन करून घाई करू नका, आणि घासाघीस करून त्यांच्याकडून हलकी बेअरिंग घालून घेऊ नका.

आमचं ठरलं आहे. चासी खणखणली, कॉम्प्रेशन चारही सिलिंडरचं सारखंच उतरलेलं निघालं, आणि आमचे प्रवास जवळचे आहेत. म्हणून आम्ही हेच इंजिन पुरतं उतरवून फुल करून घेणार. रेडिएटरही नवा, आणि त्यात यापुढे विहिरीचं पाणी नाही, कूलंटच. क्रँकला घासायला जागा उरलेली नसेल तर त्याच जातीचं दुसरं इंजिन घेऊ आणि चौदा दिवसांच्या आत ओरोसच्या परिवहन कार्यालयात नंबर बदलून घेऊ. तुमचं उत्तर वेगळं येईल, कारण तुमची चासी वेगळी आणि वाटा वेगळ्या.

पण खोलायचंच ठरलं, तर एक विनंती आहे. आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो, मालवणला शासकीय तंत्रनिकेतन आहे. तुमच्या वाडीतलं एखादं पोर किंवा पोरगी तिथे शिकत असेल, तर ज्या दिवशी हेड उतरेल त्या दिवशी त्यांना बोलवा. मेस्त्रींना आधी विचारा, मग त्यांच्या शेजारी स्टूल ठेवा, आणि दिवसभराचं जेवण तुमच्याकडून द्या.